समजल्याची सही

आमच्या भाभी मिरचीच्या व्यापारात होत्या आणि त्यांनी जन्मात मिरची खाल्ली नव्हती. नंदुरबारच्या बाजारात हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दर हंगामाला कोणीतरी नवा व्यापारी यायचा, ही थाप आहे म्हणायचा आणि मग त्याला भाभींच्या घरी जेवायला बोलावलं जायचं. ताटात फिकी डाळ, फिकी गट्ट्याची भाजी आणि तुपानं निथळणारी पोळी. तो बिचारा डाळीत चव शोधत जेवायचा आणि भाभी समोर बसून त्याला कुठली मिरची जिभेला लागते, कुठली घशाला आणि कुठली दुसऱ्या दिवशी, ते समजावून सांगायच्या. "खाके तो कोई भी बताएगा," त्या म्हणायच्या, "मैं देखके बताती हूं." आणि त्यांचं एकदाही चुकलेलं कोणी पाहिलं नाही.

सगळं गाव त्यांना भाभी म्हणायचं. ऐंशीच्या घरातले हमाल म्हणायचे, बँकेचे मॅनेजर म्हणायचे, त्यांच्या नातवंडांच्या वयाची आम्ही बस्तीतली पोरंही म्हणायचो. एकदा ऐन बाजारात खुद्द शेठजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, "भाभी, काट्याची चावी कुठं ठेवली?" असं विचारलं म्हणतात. शेठजी मुळातच कमी बोलायचे. त्या दिवसानंतर त्यांनी बोलणं जवळजवळ सोडूनच दिलं आणि पेढीवर बसून नुसती मान हलवायला लागले.

भाभींची एक जुनी स्कूटर होती. ती त्या इतक्या सावकाश चालवायच्या की पायी चालणारा माणूस शेजारून चालत त्यांच्याशी सौदा करू शकायचा, आणि करायचाही. एकदा मी त्यांना स्कूटरवर पाहिलं तेव्हा एका बाजूला दलाल चालत होता आणि दुसऱ्या बाजूला बारावीचा एक पोरगा. दलालाशी त्या भावावरून भांडत होत्या आणि पोराशी त्याच्या गणितावरून, आणि दोघांनाही एकच उत्तर देत होत्या, "नही जमनार."

ह्या भाभींच्या हातात एक स्कॉलरशिप होती. त्यांच्या सासऱ्यांनी मरताना ट्रस्ट करून ठेवला होता, नंदुरबार शहरातल्या गरीब, हुशार आणि होतकरू मुलांसाठी. पूर्वी काम सरळ होतं. मार्कांची यादी लागायची, वरच्या पाच जणांना हार, नारळ आणि कॉलेजची फी, आणि सासऱ्यांच्या फोटोखाली सगळ्यांचा एक फोटो. कारभार भाभींकडे आला आणि त्यांनी पहिल्याच वर्षी यादी फाडली. त्यांचं म्हणणं, हुशार मुलाला मार्क मिळालेत, म्हणजे त्याचं बक्षीस त्याला मिळून गेलं. आता होतकरू कोण ते बघू. आणि होतकरू कोण ते बघायला त्यांनी मुलाखत नेली थेट मिरचीच्या पथारीवर.

पथारी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं रान. हंगामात तिथं ओली लाल मिरची वाळत घालतात, आणि तुमची नजर पोचेल तिथवर जमीन लाल दिसते. कडेला पत्र्याचं गोदाम. त्यात बाया रांगेनं बसून मिरचीची देठं खुडतात आणि मधे पोत्यांची थप्पी. त्या थप्पीतल्या एका पोत्यावर भाभी बसायच्या आणि समोरच्या पोत्यावर उमेदवार. नवखा माणूस त्या गोदामात दोन मिनिटं टिकत नाही. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, घशात खवखव. भाभींचा नियम एकच होता. शिंकायला परवानगी, थांबायला नाही. शिंका, रडा, खोका, पण उत्तर पूर्ण करा.

"उद्या पुण्याला नोकरी मागाले जाशील," त्या मला पुढे म्हणाल्या होत्या, "तठे एसी रूममा चार सायेब बठेल ऱ्हातीन. तठे तोंड वाळी जास भल्याभल्यासनं. आठे जो बोलना, तो कोठे बी बोली." मारवाड्याच्या घरात जन्मलेल्या भाभी बाजारात अस्सल अहिराणी बोलायच्या, हिशेबाला हिंदी आणि रागावल्यावर मारवाडी.

सरकारी स्कॉलरशिपचे फॉर्म भरून आमच्या गल्लीतल्या पोरांचे अंगठे झिजले होते. आधार जोडलं का, उत्पन्नाचा दाखला चढला का, ओटीपी आला का. भाभींच्या स्कॉलरशिपला ओटीपी लागत नव्हता, फक्त नाक लागत होतं. आणि नाकाच्या बाबतीत मी भाग्यवान होते. माझी आई त्याच गोदामात देठं खुडायची. मी तान्ही असताना आईनं मला त्याच पोत्यांच्या आडोशाला झोळीत घातलेलं. मला गुलाबाच्या वासानं शिंका येतात, मिरचीच्या येत नाहीत.

भाभींनी मला तीन प्रश्न विचारले. घरात सगळ्यात आधी कोण उठतं? मी म्हटलं, आई. गल्लीतला सगळ्यात वाईट माणूस कोण? मी नाव सांगितलं आणि तो मागेच हमाली करत होता, त्यानं पोतं खाली टाकलं. मग तिसरा. तुला काय येत नाही? माझ्या आधीच्या मुलानं ह्याला "मला सगळं येतं" असं उत्तर दिलं होतं. त्यावर भाभी शेठजींना म्हणाल्या होत्या, "मग स्कॉलरशिप हा आपल्याला देईल." मी घाबरून खरं खरं सांगितलं, पोहता येत नाही, शिट्टी वाजवता येत नाही आणि इंग्रजीत फोनवर बोलता येत नाही.

"शिट्टी मी शिकाडसू," भाभी म्हणाल्या. "बाकीनं तुन्हं तू दख."

आणि त्यांनी शिकवली. देवळात जाऊन आलेल्या, डोक्यावर पदर घेतलेल्या साठीच्या बाई, दोन बोटं तोंडात घालून त्यांनी अशी शिट्टी मारली की रस्त्यावरचे दोन ट्रक थांबले. मी लगेच बोटं तोंडात घालायला गेले तर त्यांनी मनगट धरलं आणि आधी हात धुवून यायला लावलं. त्या गोदामात बोटं न धुता तोंडात घालणं म्हणजे काय, ते मिरची न खाणाऱ्या बाईनं मला सांगावं, ह्याचं मला आजही हसू येतं.

स्कॉलरशिप मिळाली. धुळ्याच्या फार्मसी कॉलेजची फी आणि हॉस्टेल, दोन्ही. बस्तीतनं औषधांच्या कॉलेजात जाणारी मी पहिलीच. पण खरी गंमत पुढे होती, कारण भाभींच्या स्कॉलरशिपबरोबर एक पालक मिळायचा.

दुसरीकडे असा पालक म्हणजे तुमच्या विषयातला कोणीतरी जाणता माणूस. इंजिनीअरिंगच्या मुलाला इंजिनीअर, नर्सिंगच्या मुलीला मेट्रन. भाभींचा हिशेब उफराटा. पालकाला तुमच्या विषयातलं काही म्हणजे काही कळता कामा नये. महिन्यातून एका रविवारी तुम्ही त्याच्यापुढे बसायचं आणि महिनाभरात जे शिकलात ते त्याला समजावून सांगायचं. त्याला समजलं तर तो पिवळ्या कार्डावर "समजलं" लिहून सही करणार. नाही समजलं तर पुढच्या वेळी पुन्हा तेच सांगायचं. सह्या नाहीत तर पुढच्या वर्षाची फी नाही. मार्क किती पडले हे भाभी कधी विचारायच्याच नाहीत. "मार्क मास्तर देतो," त्या म्हणायच्या. "ज्याला येतं त्याला सांगून काय मोठा तीर मारला? ज्याला येत नाही त्याला सांग, मंग कळी तुले येस का नही ते."

ह्या पद्धतीतून काय काय जोड्या जमल्या होत्या. पूल बांधायला शिकणारा मुलगा एका न्हाव्याला पूल समजावत होता आणि दाढीला आलेली गिऱ्हाईकं अर्ध्या फेसात ताटकळत होती. कॉम्प्युटर शिकणारी एक मुलगी विसरवाडीच्या ढाब्यावरच्या आचाऱ्याला प्रोग्राम म्हणजे काय ते सांगायला एसटीनं जायची. सगळ्यात वर कडी केली ती वकिलीच्या मुलानं. त्याला पालक म्हणून मिळाले भाभींच्याच घरचे स्वयंपाकी महाराज. महाराजांना करार आणि नोटीस इतकी छान समजली की दोन महिन्यांत त्यांनी भाभींना लेखी नोटीस दिली, रोजचं काम आणि पाहुण्यांचं काम ह्यात फरक आहे म्हणून. भाभींनी ती नोटीस चौकटीत बसवून पेढीवर लावली आणि महाराजांचा पगार वाढवला.

मला मिळाले गादीवाले चाचा.

स्टेशन रोडच्या गल्लीत चाचांचा गादी-रजईचा कारखाना. कारखाना म्हणजे एक खोली, एक कापूस पिंजायचं मशीन आणि हवेत कायम तरंगणारी रुई. चाचांच्या भुवयांवर, दाढीवर, टोपीवर रुई असायची, त्यामुळे ते नेमके किती म्हातारे आहेत ते कोणालाच सांगता यायचं नाही. शाळा त्यांनी दुसरीत सोडलेली. भाभींनी त्यांना "पोरीचे पालक व्हा" म्हणून सांगितल्यावर ते तीन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत म्हणे, आणि चौथ्या दिवशी त्यांनी चष्मा करून आणला.

पहिल्या रविवारी ते नव्या चष्म्यातून माझ्याकडे बघत बसले. मी वही उघडली आणि सुरू झाले. आता खरं सांगायचं तर धुळ्याला माझ्या नाकी नऊ आले होते. वर्गात सगळं इंग्रजी, आणि मी बस्तीच्या शाळेतली. मास्तर बोलायचे ते मी उतरून घ्यायचे आणि रात्री पाठ करायचे. पाठ झालं की मला वाटायचं आलं. तेच मी चाचांपुढे धडाधड म्हटलं. डिसॉल्यूशन, डिसइंटिग्रेशन, बायोअव्हेलेबिलिटी. चाचा मान डोलवत ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "वा बेटा. क्या बात है." आणि कार्डावर "समजलं" लिहून खाली उर्दूत सही केली.

असं चार महिने झालं. मी जायचे, बोलायचे, चाचा चहा मागवायचे, नानकटाई द्यायचे आणि सही करायचे. चार सह्या झाल्या. बाकीची पोरं आपापल्या पालकांपुढे घाम गाळत होती आणि मी नानकटाई खात होते. मला वाटलं माझं नशीब थोर आहे.

मग पहिल्या सहामाहीचा निकाल मोबाईलवर आला आणि त्यात एका विषयापुढे नापास लिहिलं होतं. गोळ्या, कॅप्सूल, मलमं कशी बनतात आणि कशी काम करतात त्याचाच विषय. हॉस्टेलच्या जिन्यात बसून मी तो निकाल सात-आठ वेळा उघडून पाहिला, जणू पुन्हा उघडल्यावर बदलणार होता. तेवढ्यात आईचा फोन आला. तिला कोणीतरी निकाल लागल्याचं सांगितलं होतं.

"काय लागना निकाल?"

"चांगला लागना," मी म्हटलं.

"पास शे ना?"

"शे."

आईनं त्या दिवशी गोदामातल्या सगळ्या बायांना गूळ-शेंगदाणे वाटले. मला ते दुसऱ्या दिवशी कळलं आणि मला जेवण गेलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मला वाटत होतं, आता भाभींना कळणार. पण भाभींना निकालाचं काही पडलेलंच नव्हतं. पितळ उघडं पडलं ते भलतीकडूनच. थंडी होती आणि भाभी रजईचा कापूस पिंजून घ्यायला चाचांकडे गेल्या होत्या. चाचांना कौतुक आवरेना. ते भाभींना म्हणाले, "भाभी, आपने बच्ची क्या चुनी है. इतना ऊंचा पढ़ती है, इतना ऊंचा, कि मेरे कू एक लफ़्ज़ समझ में नहीं आता."

भाभींनी रजई तिथेच ठेवली आणि मला फोन केला. रविवारी चाचांना घेऊन पथारीवर ये, एवढंच म्हणाल्या.

आई त्या रविवारी कळसाडीला मामाकडे हळदीला गेली होती, म्हणून मी वाचले. भाभी त्यांच्या पोत्यावर, हातात माझं पिवळं कार्ड. समोर मी, शेजारी चाचा. चाचांना मिरचीची सवय नाही, त्यांच्या डोळ्यांतून आधीच धारा लागलेल्या.

"चाचा, चार बार आपने लिखा, समजलं. क्या समजलं?"

चाचा ताठ बसले. "देखो भाभी. ये बच्ची गोली बनाती है. गोली पेट में जाती है. उसके बाद," त्यांनी एक दणदणीत शिंक दिली, "उसके बाद सब अंग्रेजी में होता है."

भाभी हसायला लागल्या. असल्या हसल्या की त्यांना शेजारच्या पोत्याला धरावं लागलं, आणि त्यांचं बघून देठं खुडणाऱ्या बायाही काही न कळता हसायला लागल्या. मग हसू थांबलं. भाभींनी कार्ड चाचांपुढे धरलं. "मतलब आपने झूठ पे दस्तखत किया?"

"मोहब्बत पे किया, भाभी," चाचा म्हणाले.

"मोहब्बत के लिए अलग कार्ड छपवा लेंगे. ये समझने का है."

चाचांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. मला इतकं वाईट वाटलं की मी न विचारता, बायांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात, सगळं ओकून टाकलं. नापास झाले, आईला खोटं सांगितलं, मला त्या विषयातलं काही म्हणजे काही येत नाही. आईला सांगू नका म्हणून हातही जोडले.

भाभी म्हणाल्या, "मी सांगनार नही. आन ती उनी तं तिले बाहेर बी काढनार नही. ते तुन्हं तू दख." आई गोदामात आली तर तिला काय सांगायचं, ते माझं मी बघायचं होतं. मग त्यांनी निकाल दिला. चारही सह्या रद्द. तीन आठवडे. ह्या तीन आठवड्यांत मी तो नापास झालेला विषय चाचांना शिकवायचा. चौथ्या रविवारी, इथंच, ह्याच पोत्यावर, परीक्षा होणार. पण परीक्षा मी द्यायची नाही. चाचा देणार. चाचांना आलं तर माझी स्कॉलरशिप चालू. नाही आलं तर पुढच्या सहामाहीपासून बंद, आणि मग बोचकं बांधून घरी, आईच्या शेजारी देठं खुडायला. मला विचाराल तर माझी पाचावर धारण बसली होती. चाचांची माझ्याहून जास्त. दुसरीनंतर पहिल्यांदाच त्यांना कोणी परीक्षेला बसवलं होतं.

पहिल्या रविवारी चाचांनी नानकटाई ठेवली नाही. मशीन बंद केलं, चष्मा लावला आणि म्हणाले, "बेटा, आज से मैं ढीठ हूं. जब तक नहीं समझेगा, नहीं बोलूंगा कि समझा." मी सुरुवात केली. एक वाक्य झालं आणि त्यांनी हात वर केला.

"गोली को मालूम कैसे पड़ता, कि दर्द घुटने में है?"

सहा महिने मी औषधांच्या कॉलेजात होते आणि हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी "पुढच्या वेळी सांगते" म्हटलं आणि धुळ्याला जाऊन मास्तरांना विचारलं. हात वर करून, सगळ्या वर्गात, मोडक्यातोडक्या इंग्रजीत. मास्तर आधी हसले आणि मग पंधरा मिनिटं बोलले, आणि मला लक्षात आलं की वर्गातले बरेच जण वह्या बाजूला ठेवून ऐकतायत. गोळीला काही माहीत नसतं. ती रक्तातनं सगळ्या अंगभर जाते, गुडघ्याला लागते तेवढी लागते आणि बाकी उगाच फिरून येते. हे मी चाचांना सांगितलं. "मतलब नगरपालिका का पानी," ते म्हणाले, "सब गली में जाता, प्यासा जो है वो पीता." हे मी परीक्षेत लिहायची हिंमत केली नाही, पण विसरलेही नाही.

तीन रविवार असे गेले. चाचांचे प्रश्न संपायचे नाहीत. मलम वरून लावलं तर आत कसं जातं? खोकल्याचं औषध गोड का, गोड नसेल तर खोकला जात नाही का? कॅप्सूलचं टोपण पोटात कोण काढतं? मी बसमध्ये बसले की ते प्रश्न माझ्याबरोबर धुळ्याला यायचे. लायब्ररीत मी पहिल्यांदाच पाठ करायला नाही, तर उत्तर शोधायला पुस्तक उघडलं. तिसऱ्या रविवारी आम्ही अडलो ते सावकाश विरघळणाऱ्या गोळीवर. दिवसातून एकदाच घ्यायची आणि दिवसभर थोडं थोडं औषध सोडणारी. मी पाच प्रकारे सांगून पाहिलं. चाचा मान हलवेनात. शेवटी मी हात टेकले. चाचा उठले, एक अर्धी शिवलेली रजई ओढून माझ्यापुढे टाकली, तिच्या टाक्यांवरून हात फिरवला आणि एकदम माझ्याकडे बघून हसले. "परीक्षा में बोलूंगा," म्हणाले.

चौथा रविवार. चाचा इस्त्रीचा कुर्ता, अत्तर आणि रुई झटकलेली दाढी अशा थाटात आले, तेव्हा कळलं की ते वाटतात तेवढे म्हातारे नाहीत. गोदाम भरलेलं होतं. देठं खुडणाऱ्यांच्या रांगेत आई होती. मी तिच्याकडे बघायचं टाळत होते. तिला कोणीतरी सांगितलं होतं की आज गादीवाल्या चाचांची परीक्षा आहे, आणि तिला त्यात मजा वाटत होती.

भाभींनी प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि चाचांनी शिंकायला. पण थांबले नाहीत. एका शिंकेत गोळी पोटात गेली, दुसऱ्या शिंकेत रक्तात, नगरपालिकेचं पाणी गल्लोगल्ली फिरलं, कॅप्सूलचं टोपण विरघळलं. बाया खुडणं थांबवून ऐकत होत्या. मग भाभींनी विचारलं, दिवसातनं एकदाच घ्यायची गोळी असते, ती कशी?

चाचांनी नाक पुसलं. "भाभी, वो गोली नहीं, रजई है. ऊपर से टांके मारे हैं. कपास अंदर है, पर टांके की वजह से एकदम बाहर नहीं आता. धीरे, धीरे, दिनभर."

भाभींचा हात कमरेच्या थैलीवर गेला. मग हळूच त्यांनी विचारलं, "और कूट के ली तो?"

"कूट के?" चाचा दुखावल्यासारखे दिसले. "मतलब रजई फाड़ दी. सब कपास एक साथ पेट में. सुबह आदमी गरगर घूमेगा, और शाम को खोळ खाली."

भाभींनी कमरेची थैली सोडली. तिच्यातून त्यांनी कागदाची एक पुडी काढली आणि माझ्यापुढे उघडली. आत गोळीची पांढरी भुकटी. गोळी गिळवत नाही म्हणून त्या रोज सकाळी ती खलबत्त्यात कुटून गुलकंदातून घ्यायच्या, ब्लडप्रेशरची, आणि रोज दहा वाजता त्यांना चक्कर यायची. डॉक्टरांनी अख्खी गिळा म्हणून सांगितलं होतं, चिठ्ठीवर लिहिलंही होतं. पण का, ते सांगितलं नव्हतं. मी रिकामं पाकीट मागवून नाव वाचलं. तीच जात. उद्या डॉक्टरांकडे जाऊन विचारा, गिळवत नसेल तर ते दुसरी देतील, मी म्हटलं. भाभींनी पुडी बांधून थैलीत टाकली आणि इतकंच म्हणाल्या, "चाचा पास."

चाचांनी टोपी काढून पुन्हा घातली. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी मिरचीचं होतं की कसलं, ते मी विचारलं नाही. बाया टाळ्या वाजवायला लागल्या. त्या टाळ्यांतून आईचा आवाज आला.

"चाचा पास व्हयना ते बरं व्हयनं. पन ही परीक्षा कसानी व्हती? मन्ही पोर तं कवयनीच पास व्हयेल शे ना?"

टाळ्या थांबल्या. भाभी वर पत्र्याकडे बघत बसल्या. त्यांनी शब्द दिला होता, त्या काही बोलणार नव्हत्या. आईच्या हातात अर्धी खुडलेली मिरची होती. तिनं वाटलेला गूळ खाल्लेल्या सगळ्या बाया तिच्या आजूबाजूला बसल्या होत्या. मला ठसका लागला असता तर बरं झालं असतं, पण मला मिरचीचं काही होत नाही.

"नही माय," मी म्हटलं. "मी नापास व्हयनी व्हती. तुले खोटं सांगं मी. मले काहीच समजेल नव्हतं."

आईनं मिरचीचं देठ खुडलं, मिरची ढिगात टाकली, दुसरी उचलली. तिचा राग माझ्या ओळखीचा आहे, तो असाच येतो, हात चालू ठेवून. सात-आठ मिरच्या झाल्या. मग ती उठली, पदराला हात पुसले, चाचांना हातानंच सरकायची खूण केली आणि पोत्यावर माझ्यासमोर बसली. इतक्या वर्षांत तिनं मला कधी विचारलं नव्हतं की तू शिकतेस म्हणजे काय शिकतेस. आपल्याला काय कळणार, असं म्हणून ती वहीवरून हात फिरवायची आणि वही परत द्यायची.

"आते समजनं का?"

"समजनं."

"मंग मले सांग."

मी सांगितलं. पहिल्यापासून, अहिराणीत, गोळी म्हणजे काय इथपासून. अर्धा तास तरी लागला असेल. आई मधे मधे अडवत होती, आणि चाचांपेक्षा वाईट अडवत होती. पाठीमागे एकही देठ खुडलं जात नव्हतं आणि भाभींनी कोणाला कामाला लागा म्हटलं नाही. माझं संपलं तेव्हा भाभींनी पिवळं कार्ड आणि शाईची डबी आईपुढे धरली. आईला सही येत नाही.

आईनं अंगठा शाईपर्यंत नेला आणि मागे घेतला.

"अर्धंच समजनं," ती म्हणाली. "अर्धं पुढला ऐतवारले सांगजो."

चाचांनी घाबरून भाभींकडे पाहिलं. मीही पाहिलं. भाभींनी शाईची डबी मिटली, कार्ड माझ्या हातात दिलं आणि दाराशी उभ्या असलेल्या शेठजींना हाक मारली.

"सुनो, इसकी फीस भर दो. इसकी माँ का आधा बाकी है."